आंदणातली थ्रॉटल बॉडी

आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची झाली की ती एक नंबर मोठी घेतली जायची. पातेल्यांना नंबर असतात हे मला बाराखडीच्या आधी कळलं होतं. भांड्यांच्या दुकानात आई एखादं पातेलं उचलून बघायची, त्यावर झाकण ठेवून बघायची, दुकानदार पिशवीत घालायला हात पुढे करायचा, आणि तेवढ्यात मागून नाना म्हणायचे, याच्या पुढचा नंबर दे. चपला वाढत्या पायाच्या, फ्रॉक पुढच्या वर्षीचा, चूल दहा माणसांची. घरात आम्ही चौघंच होतो: आई, वडील म्हणजे नाना, अक्का आणि मी, सुनी. पण धुळ्याच्या बाहेर, हायवेला लागून आमचं गॅरेज आणि गॅरेजच्या मागे घर, त्यामुळे जेवायला किती माणसं असतील हे ताटं वाढेपर्यंत कुणालाच सांगता यायचं नाही. इंदूरकडचा एखादा ड्रायव्हर गिअरबॉक्स उघडून बसलेला असायचा आणि नाना त्याला हात धुवायला पाठवून थेट स्वयंपाकघरात आणायचे. आई कपाळाला आठी घालायची आणि शेवभाजीत आणखी दोन वाट्या पाणी आणि मूठभर शेव टाकायची. त्या भाजीचा तिखट वास आणि डिझेलचा वास माझ्या डोक्यात आजही वेगळे होत नाहीत. आता मी पन्नाशीला टेकले, पुण्यात राहते, तरी पेट्रोल पंपावर उभं राहिलं की मला भूक लागते. हे डॉक्टरांना सांगितलं तर ते हसतात.

आवाजांचं घर होतं आमचं. पहाटे कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, मग पत्र्यावर हातोडी, मग हायवेवरचे हॉर्न, आणि या सगळ्याच्या वर नानांचा आवाज. त्यातही अक्काला कुठल्या गाडीचा आवाज बिघडला आहे ते स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता कळायचं. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. परातीतून मान वर न करता ती सांगायची, त्या हिरव्या ट्रकचं तिसरं सिलिंडर गेलं, आणि ते गेलेलं असायचं. गाडी चालवायला ती कधी शिकली हे कुणालाच आठवत नाही. गॅरेजमधल्या गाड्या मागेपुढे करता करता तिचा हात बसला. मी तिच्या उलट. मला कानाने काही कळायचं नाही, मला मोजायला आवडायचं. व्हर्नियर कॅलिपर हे माझं पहिलं खेळणं, आणि ते सोडवेना म्हणून मी जळगावला ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाला गेले. शनिवारी दुपारची एसटी पकडायची, पारोळ्याला चहासाठी गाडी थांबायची, आणि दिवस कलायच्या आत मी घरी असायचे. अक्का एसटी स्टँडवर न्यायला यायची ती कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाच्या गाडीतून.

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना अक्काचं लग्न ठरलं. मुलगा मुक्ताईनगरकडचा, केळीची बागाईत, माणसं साधी आणि हसतमुख. लग्न वैशाखात. घरात आंदणाची भांडी यायला लागली. आमच्याकडे लेकीला द्यायच्या भांड्यावर नाव कोरतात. दुकानातला माणूस ते टुर्रर्र वाजणारं यंत्र घेऊन बसतो आणि 'चि. सौ. कां. उषा हिस आई-वडिलांकडून' असं वळणदार अक्षरात कोरून देतो. प्रत्येक भांडं अर्थातच एक नंबर मोठं. आई म्हणायची, अहो त्यांच्याकडे एवढी माणसं नाहीत. नाना म्हणायचे, होतील.

अक्काने मात्र भांडी मागितली नव्हती. तिने एकच गोष्ट मागितली. पारोळ्याच्या बाजूला कपाशी काढून झाल्यावर एका मोकळ्या रानात गाड्यांची शर्यत भरायची. शेतकऱ्यांची पोरं आणि गॅरेजवाले मिळून भरवायचे. पऱ्हाटी उपटून रान साफ करायचं, फक्कीने वळणांच्या रेघा मारायच्या, कडेला जुने टायर ठेवायचे, आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडायची. अक्का लहानपणापासून नानांच्या बाजूला बांधावर बसून ती बघत आली होती. तिचं म्हणणं एवढंच होतं की लग्नाआधी एकदा मला त्यात गाडी चालवू द्या. सासरी गेल्यावर कुणी नाही म्हणेल असं नव्हतं, पण हो म्हणेल असंही नव्हतं, आणि हे तिला आणि नानांना दोघांनाही ठाऊक होतं. दोन दिवस नाना गिऱ्हाइकांच्या गाड्यांतच होते. तिसऱ्या दिवशी गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात पडलेली एक मोटार त्यांनी पुढे ओढून आणली. अपघातात चेपलेली, मालकाने सोडून दिलेली, साय रंगाची छोटी गाडी. तेव्हा आमच्या भागात कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनच्या गाड्या नुकत्याच दिसायला लागल्या होत्या आणि ही त्यातलीच एक. नानांनी तिचं तेराशे सीसीचं इंजिन उतरवलं, हेडमधले हवेचे रस्ते हाताने घासून मोकळे केले, झडपा उघडणारा कॅम नवा बसवला. दर शनिवारी मी आले की गाडी थोडी पुढे गेलेली असायची. मग तिच्या थ्रॉटल बॉडीचा प्रश्न आला.

ज्यांना हे शब्द परके आहेत त्यांच्यासाठी सांगते. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेवरचं दार. एक गोल भोक, त्यात एक चकती. पेडल दाबलं की चकती फिरते आणि हवा आत जाते. दार लहान असेल तर इंजिन वरच्या रेसला, म्हणजे जोरात फिरताना, गुदमरतं. म्हणून ज्याला ताकद हवी तो दार मोठं करतो. पण गरजेपेक्षा मोठं दार बसवलं की पेडलच्या पहिल्या बोटभर हालचालीत सगळी हवा आत येते आणि उरलेलं पेडल नुसतं पाय ठेवायला राहतं. हल्ली मला भाचरांचे फोन येतात की मावशी, सगळ्यात मोठी कुठली बसवू. मी विचारते, इंजिन केवढं आहे. ते त्यांनी बघितलेलंच नसतं.

कंपनीची मूळ थ्रॉटल बॉडी अठ्ठेचाळीस मिलिमीटरची होती. नानांनी मोकळ्या केलेल्या इंजिनाला ती कमी पडणार हे उघड होतं. मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तसलीच एक जुनी बॉडी लेथवर लावून बावन्नची केली, तिला नवी चकती कापून बसवली, रुमालात गुंडाळली आणि शनिवारी एसटीत मांडीवर घेऊन बसले. मनातून फार खुशीत होते मी. अक्काला माझ्याकडून ही भेट असं ठरवलं होतं. घरी पोहोचले तर अंगणात सगळे उभे. नानांनी मालेगावच्या भंगार बाजारातून एका मोठ्या गाडीची थ्रॉटल बॉडी शोधून आणली होती. साठ मिलिमीटर. तिला आमच्या इंजिनावर बसवायला जोडपट्टी त्यांनी स्वतः लेथवर केली होती, आतून बाहेरून घासून अशी लख्ख केली होती की तिच्यात आईचं तोंड दिसत होतं. आणि बाजूच्या सपाट जागेवर, भांडीवाल्याचं यंत्र मागून आणून, वळणदार अक्षरात कोरलं होतं: चि. सौ. कां. उषा हिस नानांकडून.

मी माझा रुमाल पिशवीतच ठेवला.

संध्याकाळी गाडी हायवेवर काढली. धुळ्यात कुठलीही नवी गाडी आली, ट्रॅक्टर असो की नवरदेवाची मोटारसायकल, ती आधी आग्रा रोडला सोडून बघतात आणि तिथे जे ठरेल ते पक्कं. नाना पुढे बसले, अक्काने नरडाण्याच्या दिशेला गाडी सोडली, आणि पायाचा स्पर्श होताच ती अशी उसळली की मी मागच्या सीटला चिकटले. हवा ओढतानाचा तो भरदार आवाज ऐकून ढाब्यावरची माणसं खाटांवरून उठून बघायला लागली. नानांचा चेहरा मी आरशात बघत होते. इतके आनंदी ते क्वचितच दिसायचे. परत आल्यावर शेजारच्या पंक्चरवाल्यापासून सगळ्यांचं एकच मत पडलं की पिकअप असावा तर असा. मलाही क्षणभर वाटलं की माझं गणित चुकलं असेल.

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही पारोळ्याच्या त्या रानात सरावाला गेलो. काळी माती, वर भुसभुशीत, खाली घट्ट, आणि वळणांमागून वळणं. तिथे सरळ रस्ता म्हणून नव्हताच. अक्का वळणात शिरायची ती सुंदर, पण बाहेर पडताना जरा पाय टेकवला की गाडी एकदम उसळायची, मागची चाकं बाजूला जायची आणि ती फक्कीची रेघ पुसून पलीकडे. पाय काढावा तर गाडी मरायची. दुपारपर्यंत तिने तीन टायर उडवले आणि एकदा थेट बांधावर चढली. नाना आधी मातीला बोलले, मग टायरला, मग म्हणाले, पाय हलका ठेव. अक्काने चप्पल काढून अनवाणी पायाने चालवून पाहिलं. घामाने तिचा पदर चिकटला होता आणि डोळ्यांत पाणी होतं, पण नानांकडे बघून ती हसत होती. ते हसणं मला बघवेना. तिला आयुष्यात एकदाच ही शर्यत चालवायची होती, पुढच्या रविवारी, आणि तिच्या पायाखालचं ते दार तिला ती चालवू देणार नव्हतं. हे तिलाही कळलं होतं. आणि ती ते नानांना कधीच सांगणार नव्हती.

त्या रात्रीच्या जेवणात आईने भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. नाना अर्धी भाकरी खाऊन उठले. आमच्या घरात कुणी अर्ध्या भाकरीवर उठणं म्हणजे डॉक्टरला बोलवायची वेळ. मी आईला रुमाल उघडून माझी बावन्नची दाखवली आणि काय करायचं आहे ते हळू आवाजात सांगितलं. आईने ती हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं असं कुणी समजू नये, तीस वर्षं गॅरेजमागे काढली होती तिने. मग म्हणाली,

"तेसनी नाव कोरेल शे वर. आते कसं काढशी?"

नानांनी कोरलेलं नाव काढायचं कसं, खरा प्रश्न हाच होता. इंजिनाच्या बाबतीत नाना चुकत नसत. मोकळ्या केलेल्या हेडला किती हवा लागेल हे त्यांना माझ्याइतकंच, कदाचित माझ्याहून जास्त कळत होतं. पण ही थ्रॉटल बॉडी त्यांनी इंजिन बघून निवडलीच नव्हती. ती त्यांनी पातेल्यासारखी निवडली होती. लेक सासरी चालली, तिला द्यायची वस्तू, मग ती नेमकी कशी देणार. नेमकं देणं म्हणजे हात आखडता घेणं, असं आमच्या घरात मानत. आज लिहिताना याचं हसू येतं. पण नानांना मी तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं, म्हणायची वेळच त्यांनी कधी आणली नव्हती.

सोमवारी मी कॉलेजला गेले नाही. सकाळी नाना चहा पीत असताना मी रुमाल त्यांच्यासमोर ठेवला आणि सोडला. त्यांनी बावन्नची उचलली, भोकात बोट फिरवून बघितलं, चकती उघडून मिटून बघितली, आणि काम चांगलं झालंय म्हणाले. मग मी म्हटलं, नाना, तिन्ही लावून बघू या, तुम्ही स्वतः बघा. मी कॉलेजमधून मागून आणलेला व्हॅक्यूम गेज काढला. त्याची रबरी नळी थ्रॉटल बॉडीच्या मागच्या वाटेला जोडायची, बॉनेटच्या फटीतून आत घ्यायची आणि काटा बघत बसायचं. पेडल पूर्ण दाबूनही काटा शून्यावर येत नसेल तर इंजिन हवा मागतंय आणि दार देत नाही. काटा शून्यावर आला की दार पुरलं. त्याहून मोठं दार केलं तरी इंजिन जास्त पिणार नाही.

नाना पुढे बसले, गेज त्यांच्या हातात, अक्का चालवायला, मी मागे. आधी कंपनीची लावली. वरच्या रेसला काटा शून्याच्या अलीकडेच अडकून राहिला. नानांनी मान हलवली. मग रस्त्याच्या कडेला थांबून बावन्नची लावली. अक्काने पेडल दाबलं, रेस वर गेली, काटा शून्यावर जाऊन टेकला. नानांनी गेजच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. मग त्यांनी स्वतः उतरून आपली साठची लावली, बोल्ट हाताने आवळले, फडक्याने नावावरची धूळ पुसली आणि आत येऊन बसले. काटा पुन्हा शून्यावर. तिथेच, जराही पुढे नाही, कारण शून्याच्या पुढे जायला काही नसतंच. अक्काने गाडी एका कडुनिंबाखाली उभी केली आणि इंजिन बंद केलं. ट्रक जात होते, गाडी हलत होती. नाना गेजकडे बघत होते. मला वाटलं आता ते रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, "मनी पोरले कमी देवानं नही."

माझ्या पोरीला कमी द्यायचं नाही, एवढंच. आवाज खाली होता, आमच्याशी बोलत होते की स्वतःशी ते कळलं नाही. मी काही समजावायला तोंड उघडणार तेवढ्यात अक्काने स्टिअरिंगवरचा हात काढून नानांच्या गुडघ्यावर ठेवला. आमच्या घरात बापाच्या अंगाला लेकी असा हात लावत नसत.

"नाना," ती म्हणाली, "मले झेपी इतलंच द्या."

नानांनी खिडकीबाहेर बघितलं. मग त्यांनी गाडीचं दार उघडलं, बॉनेट वर केलं, आणि साठची थ्रॉटल बॉडी काढून बावन्नची त्यांनीच बसवली. माझ्या हातून बोल्ट घेताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण काम झाल्यावर तेलकट हाताने माझ्या डोक्यावर एक टपली मारली. ते तेल केसांतून दोन दिवस गेलं नाही आणि मी काढायचा फारसा प्रयत्नही केला नाही. घरी आल्यावर त्यांनी साठची एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली आणि आंदणाच्या भांड्यांच्या उतरंडीत, दोन पातेल्यांच्या मध्ये ठेवून दिली. आई म्हणाली, आता ही कशाला. नाना म्हणाले, "आज मोठी शे. पुढे कामले येई."

शर्यत झाली. अक्काने गाडी अशी चालवली की फक्कीची एक रेघ पुसली गेली नाही. वळणातून बाहेर पडताना इंजिनाचा आवाज हळूहळू, तिच्या मनाप्रमाणे चढायचा, आणि त्या आवाजावरून ती कुठे आहे हे मलासुद्धा डोळे मिटून सांगता येत होतं. दुसरी आली. पहिला आला तो चाळीसगावचा एक जीपवाला, त्याने खाली उतरून तिला हात जोडले. नानांनी नंबर किती हे विचारलंच नाही. गाडी कशी चालली एवढंच विचारलं. अक्का म्हणाली, मी म्हणेन तशी. त्यावर नाना समाधानाने मान हलवत उसाच्या रसाच्या गाडीकडे गेले आणि चौघांसाठी आठ ग्लास सांगून आले.

मग अक्का सासरी गेली. तिकडची बोली वेगळी. ती 'आली' ऐवजी 'उनी' म्हणायची तेव्हा सासरचे प्रेमाने चिडवायचे, आणि हळूहळू तिने आपली अहिराणी घडी घालून ठेवून दिली. केळीचे घड, मुलं, सासऱ्यांचं आजारपण, यात वीस-पंचवीस वर्षं कशी गेली ते तिलाच ठाऊक. पिकअप टेम्पो चालवायची, ट्रॅक्टर चालवायची, पण शर्यत नाही. कुणी अडवलं नाही, वेळच आली नाही. नाना गेले तेव्हा गॅरेज बंद झालं आणि साय रंगाची गाडी दाजींनी ट्रकवर टाकून मुक्ताईनगरला नेली, केळीच्या शेडमध्ये ठेवायला.

गेल्या हिवाळ्यात अक्काचा फोन आला की गाडी बाहेर काढली आहे, जुनं इंजिन गेलं, नवं शोध. तिचे केस पांढरे झालेत, एक गुडघा दुखतो, आणि तिला पुन्हा ती वळणं घ्यायची आहेत. मी शोधून दिलं, दोन लिटरचं. तिकडे गेले, चार दिवस शेडमध्येच काढले, हेड दोघींनी मिळून घासलं. मग मी कागदावर हिशेब मांडला की याला थ्रॉटल बॉडी केवढी लागेल. अठ्ठावन्न आली. म्हटलं, पुण्याहून मागवावी लागेल. अक्का आत गेली आणि उतरंडीतून धोतराच्या फडक्यातलं गाठोडं घेऊन आली. फडक्याची गाठ नानांचीच होती, ती कुणी सोडली नव्हती.

मी सवयीने व्हर्नियर लावला. साठ. लागते त्याहून अजूनही दोन मिलिमीटर जास्तच. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, आणि मी ते थांबवलं नाही. अक्काने पदराने नावावरची धूळ पुसली, बॉडी इंजिनावर धरून बघितली, बोल्ट बोटांनी फिरवले.

"दख सुनी," ती म्हणाली, "उनी कामले."